चमकणारे दात आणि चिंगीचा जबडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत पाळीव प्राण्यांच्या निगेवर पानभर मजकूर आला होता. गोचिडांचा बंदोबस्त, पाण्याची भांडी, भर दुपारी डांबरी रस्त्यावर कुत्र्याला न फिरवणे, हे सगळे नेमके आणि उपयोगाचे होते. पण त्याच पानावरच्या एका चौकटीत, कुत्र्या-मांजरांचे दात भूल न देता वीस मिनिटांत स्वच्छ करून मिळतात, वर्षातून दोनदा तसे करून घ्यावे, असा सल्ला होता. सोबत पांढऱ्याशुभ्र दातांच्या कुत्र्याचा फोटो. सोमवारी दुपारपर्यंत माझ्या दवाखान्यात चार जणांचे फोन आले. "मॅडम, मग तुम्ही भूल कशाला देता?" फोनवर घाईघाईत जे सांगितले ते पुरेसे नव्हते, म्हणून हे पत्र. लांबणार आहे. जागेअभावी कापावे लागलेच, तर कृपया चिंगीची हकिगत तेवढी ठेवा.

चिंगी नऊ वर्षांची पॉमेरेनियन, वजन साडेतीन किलो. साताऱ्यातल्याच एका आजींची. फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्या तिला पदरात गुंडाळून घेऊन आल्या. चहाबरोबर बिस्किटाचा तुकडा दिला, चिंगीने तो चावला आणि किंचाळली. खालचा जबडा एका बाजूला लोंबत होता, लाळेत रक्त होते. आजींचे पहिले वाक्य मला जसेच्या तसे आठवते : "दात तर स्वच्छ आहेत हो तिचे, मागच्याच महिन्यात करून आणलेत."

दात खरोखरच स्वच्छ दिसत होते. दोन वर्षांत चार वेळा एका ग्रूमिंग पार्लरमध्ये, जागेपणी, एकाने धरून आणि दुसऱ्याने खरवडून ते साफ केले होते. दुसऱ्या दिवशी भूल देऊन तोंड उघडले. ओठांच्या बाजूने सगळे पांढरे. जिभेच्या बाजूने मात्र पिवळट-तपकिरी कीटणाचे थर तसेच्या तसे. खालच्या उजव्या पहिल्या दाढेजवळ हिरडीत मापनपट्टीची सळई घातली तर ती नऊ मिलिमीटर आत गेली. एवढ्याशा कुत्र्याच्या जबड्याची त्या जागची उंचीच जेमतेम सेंटिमीटरभर असते. एक्स-रेत दाढेच्या दोन्ही मुळांभोवतीचे हाड विरून गेलेले दिसले आणि त्यातून आरपार गेलेली चीर. हाडाचा कागद झाला होता. बिस्किटाने जबडा मोडला नव्हता, हिरडीच्या आत दोन-तीन वर्षे मुरलेल्या पुवाने तो आधीच खाल्ला होता.

आजींनी कुठेही हलगर्जी केली नव्हती, हे मला मुद्दाम लिहायचे आहे. तोंडाला वास येतो म्हणून त्यांनी तिला नेले. आठवडाभर वास कमी व्हायचा. पुन्हा यायचा, पुन्हा न्यायच्या. पेन्शनमधून पैसे भरायच्या. त्यांना कोणीही सांगितले नाही की वास दातावरून येत नाही, दाताखालून येतो.

साधी गोष्ट आहे. दात घासल्यावर काही तासांतच त्यावर जंतूंचा चिकट थर जमू लागतो. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा जास्त क्षारीय असल्याने त्याचे दात आपल्यासारखे सहसा किडत नाहीत, पण त्याच लाळेमुळे हा थर दोन-तीन दिवसांत घट्ट होऊन त्याचे कीटण होते. डोळ्यांना दिसते ते हे कीटण. नुकसान करतात ते जंतू मात्र हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीत उतरतात. तिथे सूज, मग पू, मग दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू तुटणे, मग हाडच झिजणे. बाहेरून दिसणारा भाग खरवडला तरी फटीतले काहीही हलत नाही. उलट तो भाग चकचकीत झाल्यामुळे मालकाची खात्री पटते आणि तो दवाखान्यात यायचा थांबतो. जागेपणीच्या सफाईवर माझा सर्वांत मोठा राग याच गोष्टीसाठी आहे. ती काही करत नाही एवढ्यावर भागत नाही, ती आजार झाकते.

जागेपणी हिरडीच्या आत का जाता येत नाही, असे विचारणाऱ्यांना मी एवढेच म्हणते की स्वतःच्या सुजलेल्या हिरडीत टाचणी घालून पाहा. आपण खुर्चीत आ करून बसतो, कारण डॉक्टर काय करतायत ते आपल्याला कळते. कुत्र्याला ते कोण समजावणार? दोघांनी दाबून धरलेल्या कुत्र्याच्या तोंडात धारदार अवजार, आणि तो मान झटकणार. हिरडी फाटते, जीभ कापते. तो पुढच्या वेळी तोंडाला हात लावू देत नाही, आणि मग घरी ब्रश करण्याचा मार्गही बंद होतो.

प्रत्यक्ष दंतसफाई कशी चालते हे बहुतेक मालकांनी पाहिलेले नसते, कारण आम्ही दार लावून घेतो. ते दार आज उघडते.

आधी रक्ततपासणी : रक्तपेशी, मूत्रपिंड, यकृत. छातीला स्टेथोस्कोप लावून हृदय नीट ऐकायचे. उतारवयातल्या छोट्या जातींमध्ये झडप गळत असल्याचा आवाज पुष्कळदा सापडतो, मग सफाई पुढे ढकलून आधी हृदयाची तपासणी. आदल्या रात्रीनंतर खाणे बंद, पाणी सकाळपर्यंत चालते. सकाळी पुढच्या पायात सुई बसवून सलाईन, वेदनाशामक आणि शांत करणारे इंजेक्शन. नंतर प्रोपोफॉल, दुधासारखे पांढरे भुलीचे औषध, हळूहळू. कुत्रा झोपला की श्वासनलिकेत नळी. चिंगीसाठी ती माझ्या करंगळीहून बारीक होती. नळीच्या टोकाशी छोटा फुगा असतो. तो फुगवला की नळीभोवतीची जागा बंद होते आणि तोंडातले पाणी, रक्त, कीटणाचे कण फुप्फुसात उतरू शकत नाहीत. त्याच नळीतून ऑक्सिजन आणि भूल टिकवणारा आयसोफ्लुरेन वायू. घशात ओलसर गॉज ठेवते, त्याचा दोरा बाहेर काढून ठेवते आणि किती ठेवले ते फळ्यावर लिहून ठेवते.

दातांचे काम पाण्याखाली चालते. स्केलर, म्हणजे कीटण काढायचे यंत्र, सेकंदाला हजारो वेळा थरथरतो, तापतो, म्हणून त्याच्यावर सतत पाण्याचा फवारा असतो. जागा असलेला किंवा नुसत्या इंजेक्शनच्या गुंगीतला प्राणी हे पाणी श्वासाबरोबर ओढू शकतो. आमच्या व्यवसायातलेही काही जण नळी न घालता, नुसत्या गुंगीत हे काम उरकतात. त्यालाही माझा तितकाच विरोध आहे. गुंगीत खोकून बाहेर टाकण्याची शक्ती कमी झालेली असते, म्हणजे तो धोका जागेपणीपेक्षाही मोठा.

माझी सहायक त्या दीड-दोन तासांत दुसरे काहीही करत नाही. नाडी, रक्तातला ऑक्सिजन, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, रक्तदाब, तापमान, दर पाच मिनिटांनी कागदावर. तापमान यासाठी की डोके ओले असलेला साडेतीन किलोचा जीव बघता बघता गार पडतो. खाली गरम पाण्याची गादी, अंगावर ब्लँकेट.

आधी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने तोंड धुते. मग स्केलर. त्याचे टोक दातावर टेकवायचे नसते, कड टेकवायची. एका दातावर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे नाही, नाहीतर आतली नस तापून मरते. दात बाहेरून पांढरा आणि आतून मेलेला, हे अडाणी हातांनी सहज होते. त्यानंतर हिरडीच्या खालची सफाई, क्युरेट या खरवडायच्या बारीक हत्याराने, एकेका दाताची. हेच खरे उपचाराचे काम आणि ते बाहेरून अजिबात दिसत नाही.

त्याच्या पुढे मोजमाप. कुत्र्याला ४२ दात, मांजराला ३०. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी सळई फिरवते आणि मोठ्याने आकडे सांगते, सहायक तक्त्यावर लिहिते. प्रत्येक दाताला तीन आकडी नंबर असतो. वरचे उजवे शंभराचे, वरचे डावे दोनशेचे, खालचे डावे तीनशेचे, खालचे उजवे चारशेचे. "एकशे आठ, बाहेरून सहा," म्हणजे त्या दाताच्या बाहेरच्या बाजूने सळई सहा मिलिमीटर आत गेली. कुत्र्यात तीन मिलिमीटरपर्यंतची खोली चालते, मांजरात एक मिलिमीटर झाली की कान टवकारायचे. मग एक्स-रे, कारण निम्मा-अधिक दात हाडात गाडलेला असतो. शेवटी पॉलिशिंग. स्केलिंगने दातावर नजरेला न दिसणारे ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू लवकर घर करतात. पार्लरमध्ये नुसते खरवडून सोडलेले दात म्हणूनच पुन्हा झपाट्याने मळतात.

गॉज मोजून काढायचे, फळ्यावरचा आकडा जुळवायचा, आणि प्राण्याने स्वतः गिळायला सुरुवात केल्याशिवाय नळी काढायची नाही.

मांजरांबद्दल दोन वाक्ये, कारण त्यांचे मालक विचारत नाहीत. तोंड उघडे ठेवायला स्प्रिंगची चाप लावून जबडा पूर्ण ताणून ठेवला तर मेंदू आणि डोळ्यांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीवर दाब येतो. दात साफ करायला गेलेली मांजरे आंधळी होऊन परत आल्याच्या नोंदी आहेत. आपल्या डॉक्टरांना चाप वापरता का, असे जरूर विचारा.

आता भुलीची भीती. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात सुमारे ९८ हजार कुत्र्यांच्या भुलीची नोंद ठेवून मोठा अभ्यास झाला. निरोगी कुत्र्यांत साधारण दोन हजारांमागे एक मृत्यू, आजारी कुत्र्यांत मात्र ७५ मागे एक. मी हे दोन्ही आकडे मालकांना सांगते. त्या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजेच रक्ततपासणी, हृदयाची तपासणी, आणि आजार बळावायच्या आत येणे. त्याच अभ्यासात असेही दिसले की पुष्कळ मृत्यू काम संपल्यावरच्या पहिल्या तीन तासांत झाले. म्हणून माझ्याकडे दुपारी चारच्या आधी कुत्रा घरी जात नाही, मालक कितीही घाईत असले तरी. यावरून माझे लोकांशी वाद होतात. होऊ देत.

वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटर्नरी असोसिएशन आणि अमेरिकन व्हेटर्नरी डेंटल कॉलेज या दोन्ही संस्थांनी भूल न देता केलेल्या दंतसफाईला लेखी विरोध नोंदवला आहे. आपल्याकडे तर प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाशिवाय कोणालाही प्राण्यांवर उपचार करता येत नाहीत. पदविकाधारकांना किरकोळ सेवांची मुभा राज्य सरकार देऊ शकते, तीही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. केस कापणे, नखे काढणे, आंघोळ घालणे हे ग्रूमिंग. ते काम अनेक मुले-मुली फार हौसेने आणि मायेने करतात, त्यांच्या पोटावर पाय द्यायची माझी इच्छा नाही. पण हिरडीला लागलेले धारदार अवजार म्हणजे उपचार, आणि तो कोणी करायचा हे कायद्याने ठरवून ठेवले आहे.

माझे वडील पशुसंवर्धन खात्यात होते. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बैलबाजार भरला की ते मला बरोबर न्यायचे. खिल्लारी बैलापुढे उभा राहिलेला शेतकरी आधी शिंगे बघायचा नाही की वशिंड. खालचा ओठ ओढून दात बघायचा. आदत, दोनदाती, चौसा, जुळलेला. एका नजरेत वय आणि किंमत. मी सातवी-आठवीत असेन, वडिलांनी मलाही बघायला लावले. बैलाच्या उष्ण श्वासाने माझा हात ओला झाला होता. दात बघितल्याशिवाय जनावर घ्यायचे नाही, ही ज्या मुलखाची रीत, त्याच मुलखात घरात गादीवर झोपणाऱ्या कुत्र्याचा ओठ मालकाने वर्षानुवर्षे उचललेला नसतो. "कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच," हे वाक्य मी दिवसातून एकदा तरी ऐकते. निरोगी कुत्र्याच्या तोंडाला असा दुर्गंध येत नाही. तीन वर्षांपुढच्या बहुतेक कुत्र्यांत हिरडीच्या आजाराची सुरुवात झालेली असते, म्हणून तो वास आपल्याला नेहमीचा वाटू लागला आहे.

"जेवतो की व्यवस्थित" हे दुसरे वाक्य. दात दुखतो म्हणून कुत्रा उपाशी राहत नाही. एका बाजूने चावतो, न चावता गिळतो, खेळणे सोडतो, आणि घरचे म्हणतात वय झाले.

यात मीही चुकले आहे. व्यवसायाच्या पहिल्या वर्षात एका शेतकऱ्याचा गावठी कुत्रा माझ्याकडे यायचा, डोळ्याखाली जखम. मलम, अँटिबायोटिक, जखम भरायची. महिन्याने पुन्हा फुटायची. असे पाच महिने चालले. सहाव्या वेळी वडिलांनी सहज विचारले, "दाढ बघितलीस का?" वरची चौथी उपदाढ, तीच एकशे आठ, तिरकी फुटलेली होती. तिची मुळे बरोबर डोळ्याखाली येतात, पू तिथून वाट काढत होता. दाढेला तीन मुळे असतात, तिचे तीन तुकडे करून ती काढली. जखम दहा दिवसांत भरली, पुन्हा फुटली नाही. पाच महिने त्या कुत्र्याने दाढदुखी सोसली, कारण मी तोंड उघडले नव्हते. तेव्हापासून माझ्या टेबलावर कोणत्याही तक्रारीसाठी आलेल्या कुत्र्याचा ओठ मी उचलतेच, खरजेसाठी आलेला असला तरी.

ती दाढ फुटली होती मटणाच्या नळीने. रविवारी खाटकाकडून कुत्र्यासाठी नळ्या मागून आणायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि हाडूक चघळल्याने दात साफ होतात असा समज. नखाने दाबून ज्यावर वण उठत नाही ती वस्तू कुत्र्याच्या दाढेसाठी फार कडक, एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

घरी करण्याजोगे एकच काम खरे : रोज ब्रश. दोन-तीन दिवसांत थराचा दगड होतो आणि दगड ब्रशने निघत नाही, म्हणून रविवारचा एक दिवस घासून भागत नाही. लहान मुलांचा मऊ ब्रश चालतो. सुरुवातीचे आठ दिवस तर नुसते बोट फिरवायचे. पेस्ट मात्र प्राण्यांसाठीचीच. आपल्या काही टूथपेस्टमध्ये झायलिटॉल असते आणि ते कुत्र्यांना विषारी आहे. शिवाय कुत्र्याला चूळ भरता येत नाही, तो सगळे गिळतो. वरच्या दाढांची बाहेरची बाजू आधी घ्या, तिथे लाळग्रंथीची तोंडे असल्याने कीटण सर्वांत जास्त साचते. पिल्लू सहा-सात महिन्यांचे झाले की दुधाचे दात पडलेत का ते पाहा. पॉमेरेनियनमध्ये दुधाचा सुळा आणि कायमचा सुळा शेजारी शेजारी राहतात आणि मधल्या फटीत घाण अडकत जाते.

खर्चाचे बोलायला हवे. माझ्याकडची सफाई पार्लरपेक्षा कितीतरी पट महाग पडते. औषधे, ऑक्सिजन, एक्स-रे, दोन माणसांची अर्धी सकाळ यांचा तो खर्च आहे आणि प्रत्येकाला तो झेपत नाही, हे मला रोज दिसते. ज्यांना झेपत नाही त्यांना मी सांगते की पार्लरमध्ये दर सहा महिन्यांनी देता ते पैसे बाजूला ठेवा, आजपासून ब्रश सुरू करा, दोन-तीन वर्षांतून एकदा नीट करून घेऊ. असे करणारी घरे आहेत. मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या सरकारी शिक्षणसंस्थांच्या रुग्णालयांतही विचारणा करता येते.

चिंगीचे अकरा दात काढावे लागले. जबडा पट्टीने बांधून सहा आठवडे पातळ खाणे. तिथे हाडच उरले नसल्याने तो पूर्ण सांधला नाही, पण आता दुखत नाही. मऊ भात आणि चिकनचे पाणी ती बशी चाटूनपुसून संपवते. उरलेल्या दातांना आजी रोज रात्री जेवणे आटोपली की ब्रश करतात. गेल्या आठवड्यात येऊन म्हणाल्या, "डॉक्टर, तिच्या तोंडाला वास येत नाही म्हणून मला चुकल्याचुकल्यासारखं होतंय."

आपल्याला माझी विनंती अशी. पत्रासोबत दोन चित्रे पाठवत आहे, आजींची परवानगी घेतली आहे. एक पार्लरमधल्या चौथ्या सफाईनंतर त्यांच्या नातवाने मोबाइलवर काढलेला चिंगीचा फोटो, पांढरे दात दाखवणारा. दुसरा महिन्याभरानंतरचा तिच्या जबड्याचा एक्स-रे. येत्या रविवारच्या पुरवणीत, ज्या जागी ती चौकट होती त्याच जागी आणि तेवढ्याच आकारात, ही दोन्ही शेजारी शेजारी छापावीत.

आपली,
एक पशुवैद्यक, सातारा